औषधाविना एडीएचडी: पण कोणाच्या जिवावर?

नीरजा, ठाणे

गेल्या आठवड्यात अनघाताईंनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचा एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता, औषधाविना कसा सांभाळला, ते लिहिले. ठरलेला दिनक्रम, मोबाइल बंद, रोज संध्याकाळी मैदान, अभ्यासाचे छोटे तुकडे, यात खोडण्यासारखे काही नाही. परंतु ‘ज्यांना पोरासाठी वेळ नसतो, ते गोळी देऊन मोकळे होतात’ हे शेवटचे वाक्य वाचून माझे डोके फिरले. आम्हीही आमच्या मुलाच्या गणिताचे पान दुमडून दोनच उदाहरणे दिसतील असे ठेवत होतो, टायमर लावत होतो. तरी दुसऱ्या उदाहरणाआधी पेन्सिलीचे टोक मोडून स्वारी खिडकीत जाऊन बसलेली असे. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचे औषध सुरू झाल्यावर तो डबा, बाटली आणि स्वेटर तिन्ही घेऊन शाळेतून परत येऊ लागला. आणि मोकळे कसले? हे औषध शेड्यूल एक्समधले, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीतले. चिठ्ठीची प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते, म्हणून बरेच जण ते ठेवतच नाहीत. शिवाय वजन-उंचीच्या नोंदी ठेवायच्या, आणि दुपारची भूक मेल्याने डबा भरलेला परत आला की रात्री उशिरा थालीपीठ लावायचे. अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात (१९९९) ५७९ मुलांवर १४ महिने उपचार झाले आणि मूळ लक्षणांवर काटेकोर औषधोपचार हा निव्वळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला.

अनघा, कोथरूड

नीरजाताई, अर्धाच अभ्यास सांगितलात. त्याच मुलांना तीन वर्षांच्या टप्प्यावर पाहिले, तेव्हा गटांमधला तो फरक उरला नव्हता. सहा वर्षांखालील मुलांसाठी तर अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आधी पालकांचे प्रशिक्षणच सुचवते. माझ्या मुलाचे निदान पाचव्या वर्षी झाले. आम्ही कोणा वैदूकडे गेलो नाही, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबलो आणि ते आजवर निभावले. एवढे लागले म्हणजे कुठेतरी खुपत असावे.

नीरजा, ठाणे

खुपतो तो तुमचा सूर. त्या अभ्यासात १४ महिन्यांनंतर उपचार संशोधकांच्या हाती राहिलेच नव्हते. कित्येकांनी औषध सोडले, वर्तनोपचाराच्या गटातल्या काहींनी ते सुरू केले. आणि सहा वर्षांवरील मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांची तीच संघटना औषध व वर्तनोपचार दोन्ही सुचवते, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत.

निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

साठ-साठ मुलांच्या वर्गांवर मी आयुष्य काढले. अशा व्रात्य पोरांना मी फळा पुसायला किंवा हजेरीपट पोचवायला पाठवत असे आणि ती ताळ्यावर येत. आमच्या वेळी हा आजारही नव्हता आणि गोळीही नव्हती.

प्रसाद, नाशिक

सर, होता. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन १९०२ च्या व्याख्यानांत केलेले आहे. तुमच्या फळा पुसण्याने जी सुधारली नाहीत, ती नापास होऊन शाळेबाहेर गेली आणि तुमच्या हजेरीपटावरूनच उतरली. निदान तुम्ही पोरांना उठू तरी देत होतात, एवढे मान्य करतो. माझ्या मुलीच्या शाळेने आम्हाला सांगितले की, स्वखर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलीसोबत बसणारी वेगळी शिक्षिका) ठेवा, नाहीतर दाखला घ्या. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत; त्यांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे वेगळे नाव नाही. ‘एलडी (अध्ययन अक्षमता) निघाले तरच या’, असे म्हणून आम्हाला प्रमाणपत्राच्या खिडकीवरून परत पाठवले. गोळी द्यावी की नाही हा वाद तुम्ही खुशाल घाला; शाळेला दोन्हींपैकी काहीच नको असते, तिला शांत बसलेले मूल हवे असते.

मेधा, डोंबिवली

प्रसादराव, एलडीची चाचणी करूनच घ्या, कारण दोन्ही बरेचदा एकत्र आढळतात. माझ्या मुलीला प्रमाणपत्र मिळाले. मग वर्गशिक्षिका भर वर्गात तिला ‘सवलतवाली’ म्हणू लागल्या, हा भाग वेगळा. जाता जाता एक विचारते, अनघाताई, तुमच्या घरी नोकरी कोणी सोडली?

अनघा, कोथरूड

मी सोडली. विषय मुलाचा होता, म्हणून लिहिले नाही.

नीरजा, ठाणे

ताई, तोच तर विषय आहे! दुपारी तीन वाजता दार उघडायला घरात जाणते माणूस असणे, हा तुमच्या उपचाराचा अर्धा भाग आहे आणि त्याची किंमत तुमच्या पगाराएवढी आहे. आम्ही दोघे सातच्या पुढे ठाण्याला उतरतो आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना मैदान झेपत नाही. मुलाच्या बाबांनी नोकरी सोडली आणि गोळी टळली, अशी एकही कहाणी मी अजून वाचलेली नाही.

अनघा, कोथरूड

ठीक आहे, ते वाक्य काढते, म्हणजे तुम्हाला झोप लागेल. गोळीला माझा पाठिंबा आहे, असा अर्थ मात्र काढू नका.

प्रसाद, नाशिक

मेधाताई, चाचणीसाठी शाळेचे पत्र आधी लागते का? आमची शाळा ते देण्याची चिन्हे नाहीत.

मेधा, डोंबिवली

पत्रासाठी लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. तोंडी मागाल तर फिरवत राहतील. जाताना प्रगतिपुस्तकांसोबत मागच्या इयत्तांच्या वह्याही न्या, आमच्याकडे त्या आवर्जून पाहिल्या गेल्या.