मदत हवी आहे: १८९० च्या लंडनमधली मेस्मेरिझम करणारी मांत्रिकीण

नाटकातलं पात्र आहे. मेस्मेरिझम म्हणजे समोरच्याला संमोहनासारख्या तंद्रीत नेणं. १८८८ मध्ये लंडनला सुरू झालेल्या 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाची सभासद, उमरावांच्या दिवाणखान्यात प्रयोग करणारी. स्त्रियांना तिथे पुरुषांच्या बरोबरीने दीक्षा मिळे, तेव्हा तिचं असणं खटकत नाही. अडचण शपथेची: नवदीक्षित स्वतःला मेस्मेराइझ करू देणार नाही, असं वचन देई. मग तिच्यासमोर बसणारी व्यक्ती मंडळाबाहेरचीच हवी ना?

दुसरं, पद्धत. जुनी म्हणजे हातवारे: डोक्यापासून खाली, अंगाला न लावता, सावकाश, जागं करताना उलटे. सर्जन जेम्स ब्रेडची १८४० च्या दशकातली रीत वेगळी: चकचकीत वस्तू डोळ्यांपासून आठ ते पंधरा इंचांवर, कपाळाच्या जरा वर धरायची, म्हणजे डोळे ताणून थकतात. १८९० ला हीच शोभेल, पण मागच्या रांगेला काय दिसणार? हातवारे निदान दिसतात.

तिचं बिंग फोडायला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक डॉ. वेकली यांची १८३८ ची युक्ती घेतली आहे. मेस्मेराइझ केलेलं निकेल लावलं की तंद्रीतल्या व्यक्तीला झटके येतात असा दावा होता. वेकलींनी निकेलऐवजी शिसं लावलं, बाजूच्याने 'निकेल जपून' असं पुटपुटलं आणि झटके आलेच. बावन्न वर्षांनी ती कुणाला आठवत असेल, की दुसरी चाचणी सुचवाल?