उत्तर: चंद्रावर जायच्या पैशात शाळा बांधा

वर म्हटलंय, चांद्रयान-३ चे सहाशे-सव्वासहाशे कोटी जिल्हा परिषदेच्या शाळांना दिले असते तर बरं झालं असतं. शाळांचं दुखणं खरंच आहे. पण आमच्या गावच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एकच गुरुजी आहेत ते इस्रोमुळे नव्हे, जागा भरल्या नाहीत म्हणून!

मी सांगलीचा. पावसाळ्यात आमच्याकडे "जेवलास का"च्या आधी "आयर्विनला किती फूट?" विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलंय. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं, आम्ही गावभागातून गॅस सिलिंडर माळ्यावर चढवून निघालो. ढग आठवडाभर हटत नव्हते. अशा वेळी साधा कॅमेरा वरून नुसते ढगच टिपतो, रडार असलेला उपग्रह मात्र ढगांआडून पाणी कुठवर पसरलंय ते दाखवतो. हा काय चैनीचा खर्च आहे?

तासगावचे आमचे दाजी द्राक्षवाले. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरलं की बांधावर उभं राहून मोबाईलवर इन्सॅट या हवामान उपग्रहाचं ढगांचं चित्र बघतात, मग ठरवतात डाउनी या द्राक्षावरच्या रोगाची फवारणी आज की उद्या. चुकतंही कधी, मागे औषध मारलं आणि तासाभरात धुऊन गेलं, तेव्हा उपग्रहाला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. चित्र वरून येतं, पण धरणातून किती क्युसेक सोडलंय हे नदीकाठच्या म्हातारीला वेळेत कोण सांगणार? तिथे पैसा मागा, मी सही करतो.