तिसरा महिना लागलाय, घरच्या रानात वांगी-ढबू मिरचीची फवारणी, नक्की काय काय टाळू?

नदीकाठची_सून
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माहेर माझं कोल्हापूर शहरातलं, सासर शिरोळ तालुक्यात. ऊस आहेच, पण दीड एकर वांगी आणि ढबू पण आहे त्यामुळं दर चार-पाच दिवसाला ह्यांच्या पाठीवर पंप असतोच. मला अकरावा आठवडा चालू आहे. मी स्वतः कधी फवारत नाही, पण औषध कालवायला पाणी ओतून देणं, फवारणीचे कपडे धुणं आणि दुसऱ्या दिवशी तोडणीला जाणं हे माझ्याचकडं. मागच्या गुरुवारी वांगी तोडायला गेले, आदल्या दिवशी संध्याकाळी औषध मारलेलं, सकाळी दव पडलेलं, कोपरापर्यंत हात ओलेचिंब. दुपारी डोकं इतकं दुखलं की उलटी झाली. आता ती उलटी दिवसांमुळं का औषधामुळं कसं कळायचं? आत्याबाई (माझ्या सासूबाई) म्हणतात आम्ही नववा लागला तरी भांगलत होतो, आमची पोरं काय वाकडी निघाली का. त्या वाईट मनानं बोलत नाहीत, जीव आहे त्यांचा माझ्यावर. पण मोबाईलवर काही शोधलं की असलं भयानक दाखवतंय की रात्रीची झोप उडालीय. काय टाळू आणि जे होऊन गेलं त्याचं काय?

पंपवाला_भावा
वहिनी लई टेन्शन घेऊ नका. आमच्यात सगळ्या बायका जातात तोडणीला. जायच्या आधी पेलाभर दूध प्यायचं, दुधानं विष मरतंय. नाकाला रुमाल बांधला की विषय संपला.

उपकेंद्रातली_ताई
भाऊ, दुधानं काही विष मरत नाही, आणि रुमालाचं म्हणाल तर औषध नाकापेक्षा कातडीतून जास्त आत जातं. ओला पाला, ओले हात, ओला पदर, हाच मेन रस्ता. त्यामुळं वास आला नाही म्हणजे काही झालं नाही असं धरू नका.

ताई, मी एका उपकेंद्रावर नर्स आहे, तुमच्यासारख्या दहाजणी विचारतात मला. आधी गुरुवारचं बोलू. दिवसांतली उलटी बहुतेक मळमळ होऊन, वासानं, सकाळी-संध्याकाळी येते. औषध चढलं तर शेतातनं आल्यावर काही तासांत तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम, डोळ्यापुढं अंधुक, बाहुली बारीक होते, छातीत दाटतं, अंगाचे स्नायू उडतात. ह्यातलं काही दिसलं तर आधी कपडे बदलून साबणानं अंग धुवायचं, लगेच १०८ ला फोन, आणि औषधाची बाटली नाहीतर निदान लेबल सोबत घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात. डॉक्टरला नाव कळलं की पुढची ट्रीटमेंट पटकन ठरते. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर त्यावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिन देतात, गरोदर बाईला पण देतात, त्याला घाबरायचं नाही. नुसती डोकेदुखी आणि एक उलटी एवढ्यावरनं मी इथं बसून सांगू शकत नाही, पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे सगळं सांगा, लाजू नका.

आता बाळाचं. पहिल्या तीन महिन्यांत अवयव बनतात हे खरं, पण मेंदूची वाढ शेवटपर्यंत चालू असते, म्हणून "तीन महिने झाले, आता मोकळी" असंही नाही. क्लोरपायरीफॉस नावाचं औषध आहे, आपल्याकडं हुमणीला, वाळवीला सर्रास वापरतात. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास ह्या शेतीच्या भागात गरोदर बायकांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. २०११ ला आलेल्या निष्कर्षांत, पोटात असताना ज्यांचा असल्या औषधांशी जास्त संबंध आला त्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक सरासरीनं कमी दिसला. सरासरीनं हा शब्द नीट वाचा. एका तोडणीनं तुमच्या बाळाला काहीतरी होणारच असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. आणि आत्याबाईंची पोरं चांगली निघाली म्हणून औषध निरुपद्रवी, हेही खोटं. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या चालू ठेवा, १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.

कृषी_सेवा_दुकानदार
ताईंनी लाख बोललं. मी औषधं विकतो, तरी सांगतो. बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण हिरवा म्हणजे काय सरबत नव्हे, गरोदर बाईला तो पण नकोच. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी कुणी ढबूवर मारायला देत असेल तर त्या दुकानात परत जाऊ नका (आमच्याच धंद्यातली माणसं आहेत, काय सांगायचं). २०१७ ला यवतमाळात कापसावर फवारताना वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासनं मी तरी एका पंपात तीन-तीन औषधांचं कॉकटेल करून देत नाही.

पुडीच्या आत घडी घातलेला कागद असतो, कोण वाचत नाही. त्यात शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस जाऊ द्यायचे ते पिकानुसार लिहिलेलं असतं. आदल्या संध्याकाळी मारून सकाळी तोडणी म्हणजे तोडणारीला पण ताप आणि शाहूपुरीत भाजी घेणाऱ्याला पण. दादांना म्हणावं, तोडून घ्या मग मारा, उलटं नको.

कपडे ज्यानं घातले त्यानंच धुवायचे. मोटरच्या खोलीपाशी काढायचे, वेगळी बादली, तुमच्या साड्यांत मिसळायचे नाहीत, दोनदा साबण लावायचा. मशीन असेल तर नंतर एकदा रिकामी फिरवायची. हातमोजे कापडी नकोत, ते औषध पिऊन हाताला धरून ठेवतात, जाड नायट्रिलचे घ्या. पण खरं सांगू, मोजे दादांना, तुम्ही घरी.

आज्जी_पन्हाळा
(नातू टाइप करतोय, मी सांगतीय.) पोरी, सगळे रानातलंच बोलाय लागलेत. दारातलं कोण बघणार? म्हशीला गोचिडाचं औषध कोण लावतंय, तूच ना? उघड्या हातानं कास सोडून सगळीकडं चोळतो आपण आणि तसंच जाऊन भाकरी थापायला बसतो. ते पण कीटकनाशकच हाय. आणि जोंधळ्याच्या कणगीत त्या गॅसच्या गोळ्या टाकत असाल तर आजच काढायला सांग गड्यास्नी, तू हात लावू नको, त्या वेळी खोलीत पण थांबू नको. ओल लागली की गॅस सुटतो, माणूस झोपेतच जातंय. धान्य कडक वाळवायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा, आमच्यात तेवढंच करत होतो.

आणि सासूला मोबाईल दाखवून सांगू नको, ऐकणार न्हाई. मी पण नव्हते ऐकले थोरल्या सुनेचं. धाकटीच्या वेळी नर्सबाई घरी आल्या, चहा प्याल्या, माझ्याशी बोलल्या, तेव्हा डोक्यात शिरलं. तुझ्या आशाताईला बोलीव घरी.

नदीकाठची_सून
सगळ्यांचे खूप आभार. आज्जी, गोचिडाचं डोक्यातच आलं नव्हतं, परवाच लावलंय मी. काल ह्यांना सगळं वाचून दाखवलं, पहिल्यांदा हसले, मग गप्प बसले आणि रात्री कपडे स्वतः भिजत घातले, फक्त बादली आंघोळीचीच घेतली. आज नवीन आणलीय, लाल. आशाताई शनिवारी येते म्हणालीय, आत्याबाईंना मी फक्त चहाला येणार एवढंच सांगितलंय. तोडणीला ह्या आठवड्यात दोन बायका लावल्यात रोजानं.

आता एकच, त्या दोघींतली एक पण पोटुशी आहे, पाचवा महिना आहे तिला, रोज बुडतो म्हणून घरी बसत नाही. तिला काय सांगू?

उपकेंद्रातली_ताई
तिला फवारलेल्या ओळीत पाठवू नका, वांगी निवडून क्रेट भरायला सावलीत बसवा, हजेरी तीच द्या. आणि तिचं गरोदरपणाच्या नोंदणीचं कार्ड झालंय का बघा आधी.