विकत घेतलेला गेम नव्या विंडोजवर का चालू नये?

राजारामपुरीकर
2004 साली पैसे साठवून लक्ष्मीपुरीतून ओरिजिनल सीडी घेतली होती. परवा पुतण्याला दाखवावा म्हणून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. गेम इन्स्टॉल झाला, आयकॉनवर क्लिक केलं, ड्राइव्ह घरघरला आणि थांबला. स्क्रीनवर साधा एररसुद्धा नाही. सीडीवर एक ओरखडा नाही हो! सिस्टीम बदलली म्हणून पैसे देऊन घेतलेली वस्तू बाद होता कामा नये, हे माझं ठाम मत.

रंकाळा७७
भावा, दुखणं सीडीच्या कुलपात असणार. त्या काळी बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क असायचं. सीडी खरी की कॉपी, हे तपासायला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, विंडोजच्या पार गाभ्यात चालायचा. तिथनं कॉम्प्युटरचा ताबा जायचा धोका, म्हणून 2015 ला विंडोज 10 आलं ते त्याच्याशिवायच. बरोबरच केलं. त्याच लॅपटॉपवर आपलं नेटबँकिंग असतंय.

शाहूपुरीवाला
अजिबात पटलं नाही. ड्रायव्हर काढा की, पण बिनकुलपाची प्रत गिऱ्हाइकाला कोण देणार? कुलूप तोडलेली कॉपी आणणाऱ्याचा गेम चालतोय आणि पैसे मोजणाऱ्याचा बंद! जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर 2008 पासून बिनकुलपाचे जुने गेम मिळतात, म्हणजे जमतंय. पण परत पैसे का भरायचे?

कळंबा_कोडर
सगळं खापर विंडोजवर फोडू नका. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती आली आणि जीटीए मालिकेतल्या सॅन अँड्रियास गेममधलं स्किमर विमान गायब झालं. 2025 मध्ये सायलेंटपॅच, म्हणजे त्या गेममधल्या चुका सुधारणारा पॅच, बनवणाऱ्या चाहत्यानं मूळ शोधलं. गेमच्या वाहनांच्या यादीत स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडेच नव्हते. त्याच मालिकेतल्या आधीच्या व्हाइस सिटी गेममध्ये त्याची नोंद बोट म्हणून होती, बोटीला कुठली चाकं? पुढं त्याचं विमान केलं, पण आकडे घालायचे राहिले. मेमरीत आधीच्या गाडीचे आकडे उरायचे, त्यावर वीस वर्षं निभावलं. नव्या विंडोजनं तेवढी जागा वापरली आणि चूक उघडी पडली.

राजारामपुरीकर
मान्य. पण शोधलं एका चाहत्यानं, पदरचा वेळ घालून. विक्री बंद करताना शेवटचा पॅच देऊन कुलूप काढून जा, एवढंच मागतोय.

रंकाळा७७
ह्या मागणीला माझाही पाठिंबा. माझ्या माळ्यावर जुन्या विंडोज एक्सपीचा पीसी आहे, नेट न जोडता लावूया. रविवारी पुतण्याला घेऊन ये, सीडी विसरू नको.