मदत हवी आहे: एसक्यूएल सर्व्हरचा मास्टर डेटाबेस बॅकअपमधून रिस्टोअर होत नाही (तातडीचे)

कृष्णाकाठ | रविवार, सायं. ७:१०
सर्व्हरची डिस्क गेली. नवीन मशीनवर सगळं पुन्हा टाकून घेतलंय. मुख्य डेटाबेस रिस्टोअर झाला, उघडतोय, शिलकेचे आकडे जुळतात. पण मास्टर, म्हणजे सगळी लॉगिन आणि सर्व्हरची सेटिंग ठेवणारा सिस्टिम डेटाबेस, काही केल्या रिस्टोअर होत नाही. साध्या मोडमध्ये तो करूच देत नाही आणि सिंगल युजर मोडमध्ये टाकला की लॉगिन घेत नाही. उद्या सकाळी साडेनऊला पतसंस्थेचे काउंटर उघडायचे आहेत. स्वतः केलेलं असेल त्यांनीच सांगा, 'गूगल करा' नको.

शिशिर | ७:१६
'मायएसक्यूएल' नावाच्या स्कीमाचा डंप आहे का? तो इंपोर्ट करा आणि 'फ्लश प्रिव्हिलेजेस' चालवा. युजर आणि परवानग्या परत येतात.

मेघना_आर | ७:२२
शिशिर, ते मायएसक्यूएलचं झालं, ते वेगळं सॉफ्टवेअर. शीर्षकातच एसक्यूएल सर्व्हर लिहिलंय.
कृष्णाकाठ, व्हर्जन कुठलं? एरर नंबर काय? 'लॉगिन घेत नाही' यावरून काहीच कळत नाही.

कृष्णाकाठ | ७:२५
२०१९ स्टँडर्ड. एररमध्ये लिहिलंय की सर्व्हर सिंगल युजर मोडमध्ये आहे, एकच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जोडू शकतो. अहो, पण मी एकटाच आहे इथे! ऑफिसात दुसरं कोणी नाही.

जुना_डीबीए | ७:३३
एरर १८४६१. माणूस तुम्ही एकटेच असाल, पण ती एकमेव जागा दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामने धरली आहे. संशयित तीन. एक, ठरलेली कामं (जॉब) वेळेवर चालवणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट: त्याची सर्व्हिस आधी बंद करा. दोन, मॅनेजमेंट स्टुडिओ: त्याचा ऑब्जेक्ट एक्सप्लोरर एक कनेक्शन घेतो आणि क्वेरीची खिडकी दुसरं मागते. आज रात्री तो उघडूच नका, काळ्या खिडकीत एसक्यूएलसीएमडी वापरा. तीन, तुमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर. त्याची काही सर्व्हिस त्याच मशीनवर किंवा शाखांतून सतत जोडायला बघते का?

कृष्णाकाठ | ७:३८
हो, एसएमएस पाठवणारी एक सर्व्हिस आहे. ती 'एसए' नेच जोडते, पुरवठादाराने तसंच बसवून दिलंय.

जुना_डीबीए | ७:४४
मग तीच. 'एसए' हा अ‍ॅडमिन, त्यामुळे सिंगल युजर मोडमध्येही तिला दार उघडं. ती सर्व्हिस थांबवा आणि सर्व्हरची नेटवर्कची वायर सरळ काढून ठेवा. मग सर्व्हर असा सुरू करा: 'नेट स्टार्ट एमएसएसक्यूएलसर्व्हर /एम' आणि त्याला चिकटून अवतरणात 'एसक्यूएलसीएमडी'. म्हणजे त्या नावाच्या प्रोग्रामखेरीज कोणालाच आत घेणार नाही. नाव कॅपिटल अक्षरांतच टाइप करा, लहान-मोठं अक्षर तो पाहतो. विंडोजच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटातल्या खात्याने आत या. या मोडमध्ये त्या गटातला कोणीही सिसअ‍ॅडमिन म्हणून आत येतो, पासवर्ड माहीत असण्याची गरज नाही.

ठाणेकर | ७:५१
पण मास्टर रिस्टोअर करताच कशाला? नवीन मशीनवर जुना मास्टर आणणं म्हणजे जुन्या मशीनची सगळी सेटिंग नव्या घरात आणणं. लॉगिन नव्याने तयार करा, युजर जोडा, तासाभराचं काम आहे. आमच्याकडे हीच पद्धत आहे आणि आजवर अडलेलं नाही.

कृष्णाकाठ | ७:५६
ठाणेकर, प्रत्येक क्लार्कचं आणि प्रत्येक पिग्मी एजंटचं वेगळं एसक्यूएल लॉगिन आहे. पासवर्ड त्यांचे त्यांनाच माहीत. उद्या सकाळी सगळ्या शाखांना फोन करून नवे पासवर्ड देत बसू का? आणि दाराशी सभासद उभे.

मेघना_आर | ८:०२
कृष्णाकाठ बरोबर आहेत. लॉगिन नव्याने केली की तिचा एसआयडी, म्हणजे आतला ओळख क्रमांक, बदलतो आणि डेटाबेसमधला युजर अनाथ होतो. 'ऑल्टर युजर … विथ लॉगिन' ने जोड परत बसते, पण पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) कुठून आणणार? तो मास्टरमध्येच असतो.

ठाणेकर | ८:०५
एसपी_हेल्प_रेव्हलॉगिन आहे की. हॅश आणि एसआयडीसकट स्क्रिप्ट काढून देतो.

मेघना_आर | ८:०७
ती स्क्रिप्ट जिवंत सर्व्हरवर चालवायची असते. इथे जुना सर्व्हर गेलाय, हातात फक्त मास्टरची बॅकअप फाइल आहे.

पोस्टग्रेसवाला | ८:१५
या निमित्ताने सांगतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये 'पीजी_डंपऑल' ला 'ग्लोबल्स-ओन्ली' दिलं की सगळे रोल (म्हणजे युजर) पासवर्डच्या हॅशसकट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मिळतात. नव्या सर्व्हरवर ती फाइल चालवली की काम झालं. लायसन्सचा खर्चही नाही. पतसंस्थांनी याचा विचार करायलाच हवा.

जुना_डीबीए | ८:१८
विचार जरूर करावा, पण उद्या साडेनऊच्या आत नाही. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

कृष्णाकाठ | ८:४०
वायर काढली, एजंट आणि ती सर्व्हिस बंद केली, आत आलो. 'रिस्टोअर डेटाबेस मास्टर फ्रॉम डिस्क … विथ रिप्लेस' दिलं. आता एरर ३१६८. सिस्टिम डेटाबेसचा हा बॅकअप वेगळ्या व्हर्जनच्या सर्व्हरवर घेतलाय म्हणतो. दोन्हीकडे २०१९च आहे!

ठाणेकर | ८:४४
नवीन इन्स्टॉलला अपडेट टाकलेले नसणार. लेटेस्ट क्युम्युलेटिव्ह अपडेट (सीयू, आधीचे सगळे अपडेट एकत्र) टाका आणि मोकळे व्हा.

जुना_डीबीए | ८:४७
थांबा! लेटेस्ट टाकू नका. मास्टरला नुसतं '२०१९' पुरत नाही, बॅकअप ज्या बिल्डवर (व्हर्जनच्या आतल्या नेमक्या क्रमांकावर) घेतला तोच बिल्ड लागतो. पुढे गेलात तरी हाच एरर येईल. आधी 'रिस्टोअर हेडरओन्ली' चालवा आणि 'सॉफ्टवेअर व्हर्जन बिल्ड' या रकान्यात काय आहे ते सांगा. शिवाय 'सिलेक्ट @@व्हर्जन' चं उत्तरही.

ठाणेकर | ८:५०
युजर डेटाबेस तर जुन्या व्हर्जनचा नव्यावर बिनबोभाट चढतो. २०१४ चा बॅकअप मी स्वतः २०१९ वर चढवलाय.

जुना_डीबीए | ८:५३
युजर डेटाबेस चढतो, कारण रिस्टोअर करताना सर्व्हर त्याला आतून नव्या रचनेत आणतो. मास्टरच्या आधारावर तर सर्व्हर स्वतः उभा असतो, म्हणून तिथे ही सूट नाही.

कृष्णाकाठ | ८:५८
हेडरमध्ये ४२६१. नव्या मशीनवर १५.०.२०००.५.

मेघना_आर | ९:०१
२०००.५ म्हणजे मूळ प्रत, एकही अपडेट नाही. १५.०.४२६१.१ म्हणजे सीयू १८, सप्टेंबर २०२२ चा. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवरून नेमका तोच उतरवून घ्या, दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने आणा. क्युम्युलेटिव्ह असल्यामुळे मधले सतरा टाकावे लागत नाहीत. सर्व्हर नीट उभा राहिला की मग पुढचे अपडेट टाका, तेही नक्की टाका.

हार्डवेअर_अण्णा | ९:१०
डिस्क गेली कशी? यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली? आमच्या भागात लाइट ये-जा करते तिथे हे नेहमीचं आहे. आणि रेड (एकाहून जास्त डिस्क एकत्र जोडण्याची सोय) होता का? एक मिरर असता तर आज ही वेळ आली नसती.

मेघना_आर | ९:१४
अण्णा, रेड एक डिस्क गेली तर वाचवतो. कोणी चुकून टेबल पुसलं तर दोन्ही डिस्कवरून पुसलं जातं. बॅकअप लागतोच.

हार्डवेअर_अण्णा | ९:१७
बॅकअप नको असं मी कुठे म्हटलं? दोन्ही हवेत म्हणतोय.

कृष्णाकाठ | १०:०५
सीयू १८ टाकला, रिस्टोअर झालं, पण सर्व्हर आपोआप बंद पडला आणि आता सुरूच होत नाही. सगळं गेलं का?

जुना_डीबीए | १०:०८
काही गेलेलं नाही. मास्टर रिस्टोअर झाला की सर्व्हर स्वतःहून बंद होतो, तसंच अपेक्षित आहे. सुरू न होण्याचं कारण एररलॉगच्या शेवटच्या ओळींत मिळेल. इन्स्टॉलच्या फोल्डरात 'लॉग' आहे, त्यातली 'एररलॉग' फाइल नोटपॅडमध्ये उघडा.

कृष्णाकाठ | १०:१४
एरर १८१४, टेम्पडीबी (तात्पुरत्या कामाचा सिस्टिम डेटाबेस) तयार करता येत नाही. वर टी ड्राइव्हचा कुठलातरी पाथ दिसतोय. नव्या मशीनवर टी ड्राइव्ह नाही.

जुना_डीबीए | १०:१९
जुन्या मास्टरला टेम्पडीबी टी ड्राइव्हवर असल्याचं माहीत आहे आणि तो तिथेच शोधतोय. सोपा मार्ग: डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक छोटं पार्टिशन काढा, त्याला टी अक्षर द्या आणि लॉगमध्ये आहे त्याच नावाचं फोल्डर करा. टेम्पडीबीच्या फाइली आणायच्या नाहीत, त्या सर्व्हर सुरू होताना स्वतः बनवतो. फोल्डरवर सर्व्हिसच्या खात्याला फुल कंट्रोल द्या, 'एनटी सर्व्हिस' खालचं 'एमएसएसक्यूएलसर्व्हर'. हे राहिलं तर हाच एरर पुन्हा येईल.
पार्टिशन काढता येत नसेल तर '/एफ' आणि '/टी३६०८' देऊन सुरू करा आणि 'ऑल्टर डेटाबेस टेम्पडीबी मॉडिफाय फाइल' ने प्रत्येक फाइलचा पाथ बदला. मॉडेल आणि एमएसडीबी या बाकीच्या सिस्टिम डेटाबेसचे पाथही लॉगमध्ये बघून घ्या, इन्स्टॉल वेगळ्या फोल्डरात असेल तर तेही अडतील.

बे_एरियातून | १०:२६
इथून वाचतेय. मुख्य डेटाबेस तुम्ही मास्टरच्या आधी रिस्टोअर केलात ना? जुन्या मास्टरकडे त्याचाही जुनाच पत्ता असणार. सर्व्हर उठला की तो 'रिकव्हरी पेंडिंग' (फाइली न सापडल्याने न उघडलेला) दिसेल, घाबरू नका. आणि काही झालं तरी आत्ता डी ड्राइव्हवरच्या त्याच्या एमडीएफ (डेटा) आणि एलडीएफ (लॉग) फाइली दुसरीकडे कॉपी करून ठेवा. सर्व्हिस बंदच आहे, आत्ताच होईल.

कृष्णाकाठ | ११:०२
टी ड्राइव्ह केला, सर्व्हर उठला. मुख्य डेटाबेस खरंच रिकव्हरी पेंडिंग आहे. जुना पाथ ई ड्राइव्हचा, फाइली डीवर. कॉपी काढून ठेवली आहे.

बे_एरियातून | ११:०६
'ऑल्टर डेटाबेस … मॉडिफाय फाइल' दोनदा द्या, एकदा डेटासाठी, एकदा लॉगसाठी, नवा पूर्ण पाथ फाइलच्या नावासकट. मग सर्व्हिस बंद करून सुरू करा. त्यानंतर डेटा शाबूत आहे का ते तपासणारी डीबीसीसी चेकडीबी ही कमांड चालवा, वेळ लागला तरी.

कृष्णाकाठ | ११:४८
उघडला! चेकडीबीत एरर शून्य. एका क्लार्कला फोन करून उठवलं, तिचा जुना पासवर्ड चालला. सगळ्यांचे मनापासून आभार. फक्त एजंट चालू करून पाहिला तर रात्रीच्या बॅकअपचे जॉब एकही दिसत नाहीत.

मेघना_आर | ११:५१
जॉब मास्टरमध्ये नसतात, एमएसडीबीत असतात. त्याचा बॅकअप आहे का? असेल तर एजंट पुन्हा बंद करून तो रिस्टोअर करा, याला सिंगल युजर मोड लागत नाही.

कृष्णाकाठ | ११:५५
बॅकअपच्या फोल्डरात फक्त मास्टर आणि मुख्य डेटाबेस आहेत.

जुना_डीबीए | ११:५८
मग जॉब हाताने बनवायचे. आज रात्री एकच बनवा: मुख्य डेटाबेस, मास्टर आणि एमएसडीबी, तिन्हींचा फुल बॅकअप, दुसऱ्या मशीनवर. मास्टरचा फुलच होतो, डिफरन्शियल किंवा लॉग बॅकअप घेता येत नाही. बाकीचे जॉब उद्या दुपारी. लिंक्ड सर्व्हर (याला जोडलेले दुसरे सर्व्हर) असतील तर सकाळी एकदा तपासा, त्यांचे पासवर्ड सर्व्हिस मास्टर कीने, म्हणजे सर्व्हरच्या गुप्त किल्लीने, बांधलेले असतात, मशीन बदलल्यावर ते कधीकधी उघडत नाहीत. तसं झालं तर पासवर्ड पुन्हा टाका.

कृष्णाकाठ | १२:०३
लिंक्ड सर्व्हर एकच आहे, मुख्य शाखेचा. त्याचा पासवर्ड पुरवठादाराकडे आहे, सकाळी आठला फोन करतो. नेटवर्कची वायर आता लावली तर चालेल ना?

जुना_डीबीए | १२:०५
आधी बॅकअप पूर्ण होऊ द्या, मग लावा.