साखरेची धूळ: ७५ मायक्रॉनची चाळणी बुजते

कागलकर: बॅगिंग विभागातली साखरेची धूळ स्फोटकता चाचणीला पाठवायचीय. चाळणीवर गोळे होतात. १०५ अंशाला वाळवून मग चाळू का?

लॅबवाला: आधी ओलावा, मग चाळणी, आणि दोन्हींसाठी नमुना वेगवेगळा. कोल्हापूरच्या पावसात उघडी धूळ लगेच दमट होते, म्हणून बाटली हवाबंद आणि काठोकाठ भरलेली हवी. ओलाव्यासाठी ५ ग्रॅम धूळ बशीत घेऊन १०५ अंशाला ३ तास वाळवा. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं द्रव्य ठेवलेलं बंद भांडं) गार झाल्यावरच वजन करा; गरम बशीचं वजन कमी भरतं आणि ओलावा उगाच जास्त दिसतो. धूळ तुळईवरची घ्या, जमिनीवरची नको, तिच्यात जाड दाणे मिसळतात.

शिरोली_सेफ्टी: गोळे स्थिर विजेनेही होतात. एअर-जेट (हवेच्या झोताने चाळणारी) चाळणी मिळाली तर उत्तम. ब्रशने जाळीवर घासू नका, दाणे फुटून निकाल बारीक येतो. कणांचा आकार लेझर यंत्रावर, द्रवात मिसळून मोजणार असाल तर पाणी नको, साखर विरघळेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. चाचणीला साधारण ७५ मायक्रॉनखालची, ५ टक्क्यांहून कमी ओलाव्याची धूळ लागते. आणि गोळा करायला घरगुती व्हॅक्यूम अजिबात नको, मोटरची ठिणगी पुरते.

कागलकर: म्हणजे १०५ अंशाला वाळवलेलं चाळणीला नाही. चाळणीचा भाग कमी तापमानाला वाळवू?

लॅबवाला: हो, ७५ अंशाला. पण अहवालात तसं लिहा.