शब्दचर्चा : 'टायटन' या नावाची बेरीज 661 की 666?

प्रश्न : ग्रीक पुराणकथांतील 'तितान' (आपल्याकडे इंग्रजीमार्गे आलेला 'टायटन') या नावाचे मूल्य जेमाट्रियानुसार (अक्षरांना संख्यामूल्ये देऊन त्यांची बेरीज करण्याच्या पद्धतीनुसार) 666 असल्याचे वाचले. प्रत्यक्षात ग्रीक अक्षरांची मूल्ये मांडून पाहिली, तर बेरीज 661 भरते. पाचाचा हा फरक कसा पडतो?

उत्तर : आपली बेरीज बरोबर आहे. तौ 300, आयोटा 10, पुन्हा तौ 300, आल्फा 1 आणि न्यू 50, असे 661च होतात. 666 हवे असतील तर आयोटाच्या आधी एप्सिलॉन घालून 'तेइतान' असे लिहावे लागते, आणि एप्सिलॉनचे मूल्य 5 आहे. याला निव्वळ हातचलाखी म्हणता येणार नाही, कारण रोमन काळापर्यंत 'एइ' या जोडस्वराचा उच्चार दीर्घ 'ई'सारखा होऊ लागला होता, त्यामुळे दीर्घ 'ई'च्या जागी 'एइ' लिहिण्याची रीत रूढ होती, आणि या नावातला पहिला स्वर दीर्घच आहे.

हा हिशेब मुळात बिशप आयरेनियसच्या लेखनात सापडतो. इ. स. 180च्या सुमारास त्याने पाखंडी मतांच्या खंडनार्थ लिहिलेल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात, बायबलच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकातील श्वापदाच्या संख्येला, म्हणजे 666ला, जुळणारी तीन नावे दिली आहेत : एवांथास, लातेइनोस आणि तेइतान. गंमत अशी की 'लातिनोस'ची नेहमीच्या लेखनानुसार बेरीजही 661च येते आणि तीही एप्सिलॉन घातल्यावरच 666 होते. तेइतान हे नाव त्याला सर्वांत विश्वसनीय वाटले, कारण त्यात सहा अक्षरे आहेत, दोन्ही उच्चारखंडांत (तेइ-तान) तीन-तीन अक्षरे पडतात, आणि प्राचीन असूनही ते कोणा राजाने धारण केलेले नव्हते. तरीही त्याने निर्णय दिला नाही. या संख्येची नावे पुष्कळ निघू शकतात, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. माझ्या मते त्याचा हा संयम त्या बेरजेपेक्षा मोलाचा आहे, आणि नेमका तोच उद्धृत करताना गाळला जातो.

जेमाट्रिया ही संज्ञा हिब्रू परंपरेत रूढ आहे. ग्रीक नावांच्या बाबतीत 'आयसोप्सेफी' म्हणणे अधिक काटेकोर ठरेल. आपल्या कटपयादीशीही तिची गल्लत करू नये, कारण कटपयादीत अक्षरावरून अंक मिळतो व त्याला स्थानमूल्य असते, तर इथे नुसती बेरीज आहे.

पुरवणी प्रश्न : काही संकेतस्थळे याच नावाचे मूल्य 64 दाखवतात, ते कसे?

उत्तर : तिथे इंग्रजी स्पेलिंगमधील अक्षरांना वर्णमालेतील क्रमांक दिलेले असतात : टी 20, आय 9, टी 20, ए 1, एन 14. त्या आकड्याचा ग्रीक नावाशी काहीही संबंध नाही.